पावसाळ्याच्या तोंडावर इपॉक्सी: डिचोलीत घरी बांधलेल्या सीडर कॅनूचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिकत माझ्या मावसभावाच्या घरची आहे. मी त्याला दादा म्हणतो, इथेही तेच म्हणेन. बाकी नावं आणि गाव गाळलं आहे. मापं आणि कामाचा क्रम आम्ही ठेवलेल्या वहीतून घेतला आहे.

दादा बँकेत नोकरीला. घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, मांडवी नदीच्या एका फाट्यापासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणी आम्ही दोघं खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या, बांधावर बसून मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, सुटणारं पाणी बघत असू, आणि होडीत बसायला मिळावं म्हणून होडीवाल्यांच्या मागे लागत असू. स्वतःची होडी असावी हे दादाच्या मनात तेव्हापासूनचं. पण गावातली फळ्यांची होडी चार माणसांशिवाय हलत नाही. ती पाण्यातच ठेवावी लागते आणि पाण्यात ठेवलेल्या होडीची निगा नोकरदार माणसाला झेपत नाही. त्याला हवी होती दोघांनी डोक्यावर घेऊन घरी आणता येईल अशी होडी.

म्हणून कॅनू. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भूर्जसालीच्या होडीवरून हा आकार आला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, पीटरबरोच्या आसपास, १९व्या शतकात सीडरच्या पट्ट्यांच्या कॅनू बनू लागल्या. आज घरी बांधतात ती पद्धत पुढची: अरुंद, पातळ पट्ट्या एकमेकींना गोंदाने जोडायच्या आणि आतून-बाहेरून काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीत बसवायचं. इपॉक्सी म्हणजे हार्डनर कालवला की आवळून घट्ट होणारं रेझीन.

आपल्याकडे होडी बांधताना आधी पठाण (तळाचा कणा) घालतात, मग फळ्या, मग वाक (आतल्या फासळ्या). इथे पठाण नाही, वाकही नाहीत. प्लायवुडचे फर्मे, म्हणजे होडीच्या आकाराचे साचे, एकेका फुटावर उलटे उभे करायचे, त्यांवरून पट्ट्या वळवायच्या आणि काम झाल्यावर फर्मे काढून टाकायचे. मग उरतं ते ६ मिलिमीटरचं लाकूड आणि त्याच्या दोन्ही अंगांचं कापड. ताकद या तिघांची मिळून. मधलं लाकूड दोन कापडांना एकमेकांपासून दूर धरतं, ताण आणि दाब कापडं घेतात. एकाच अंगाला कापड असेल तर ती वस्तू अर्धवट असते. पुढे जे घडलं ते सगळं या एका वाक्यात आहे, पण ते तेव्हा आमच्या पुरतं लक्षात आलं नव्हतं.

आराखडा १६ फुटी, दोन माणसांच्या कॅनूचा, मधली रुंदी ८६ सेंटिमीटर, अपेक्षित वजन २७ किलो. जागा घराची पडवी. मदतीला गावातले मेस्त, म्हणजे सुतार. वय सत्तरीकडे झुकलेलं, होड्यांच्या दुरुस्त्या आयुष्यभर केलेले.

लाकूड कोणतं

तीन पर्याय समोर होते. पहिला देवदार. तो खरा सीडर, पण हिमालयातला. वजनाला घनमीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास, आणि आम्हाला दाखवलेल्या फळ्यांत गाठी फार. दुसरा आपला शिवण. मेस्तांचा कौल त्यालाच होता: वाळल्यावर शिवण फारसा हलत नाही, रंध्याखाली गोड चालतो, शेजारच्या गिरणीवर मिळतो. तिसरा वेस्टर्न रेड सीडर, ज्यासाठी आराखडा काढलेला. नावात सीडर असला तरी तो देवदाराच्या कुळातला नाही, थुजा जातीचा आहे. ब्रिटिश कोलंबियाचं ते प्रांतिक झाड. घनमीटरला जेमतेम पावणेचारशे किलो, सरळ रेषेचा आणि कुजायला नाखूश.

हिशेब मांडला. कॅनूच्या अंगाचं क्षेत्रफळ सात चौरस मीटर धरलं तर ६ मिलिमीटरने लाकूड पंधरा किलो सीडरचं होतं, शिवणाचं वीस. फरक पाच किलोचा. किमतीतला फरक मात्र चौपट. दादाने सीडर घेतला. घरांच्या भिंतींना लावायला म्हणून आयात होणाऱ्या फळ्या मुंबईहून आल्या, दहा-दहा फुटांच्या. त्यामुळे प्रत्येक पट्टीला एक तिरपा सांध आला, जाडीच्या आठपट लांबीचा.

आज मला वाटतं, शिवण घ्यायला हरकत नव्हती. पाच किलो ही डोक्यावर जाणवणारी गोष्ट आहे हे खरं, पण पहिल्या होडीत जवळचं, ओळखीचं आणि मेस्तांच्या हातातलं लाकूड असण्याला मोल आहे. शिवाय फळ्या यायला जानेवारी उजाडला. गोव्यात कोरडे महिने थोडे, त्यातले दोन आम्ही वाट बघण्यात घालवले.

पट्ट्या

१९ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून झाल्या तेव्हा प्रश्न आला त्यांच्या कडांचा. यंत्राने एका कडेला गोलाई आणि दुसऱ्या कडेला खाच पाडतात, म्हणजे पट्टी पट्टीत बसते. मेस्त म्हणाले, "बाब, यंत्र कशाला? रंधा आहे." ते चौकोनी पट्टी आधीच्या पट्टीवर टेकवायचे, मागे बॅटरी धरायला मला सांगायचे आणि फटीतून येणारा उजेड बघायचे. मग ज्या जागी उजेड त्याच जागी रंध्याचे दोन हात. कांद्याच्या सालीसारखी पातळ चोई वर यायची आणि पडवीभर शिसपेन्सिल तासल्यासारखा वास पसरायचा. पुन्हा टेकवायची, पुन्हा बॅटरी. उजेड बंद झाला की फेव्हिकॉल, फर्म्यागणिक एक पिन, पुढची पट्टी. एका संध्याकाळी दोन्ही बाजू मिळून चार पट्ट्या झाल्या तर चांगला दिवस म्हणायचा. एकूण अडुसष्ट लागल्या. त्या कामाला मी कधीच नावं ठेवणार नाही. आजही त्या सांध्यांवरून बोट फिरवलं तर सांध सापडत नाही.

इथे एक इशारा लिहून ठेवतो. या सीडरच्या भुशातलं प्लिकॅटिक आम्ल श्वासनलिकेला बाधतं, दमा लावू शकतं. पहिल्या आठवड्यात दादा रुमाल बांधून घासकाम करत होता. रात्री खोकला लागला, छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला. तेव्हापासून फिल्टरचा मास्क आणि घासकाम पडवीबाहेर. फळ्या कापण्याआधीच मास्क आणायला हवा होता.

शिगमो झाल्यावर पट्ट्या चढवायला लागलो होतो, मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची पट्टी बसली. घासून गुळगुळीत होईपर्यंत मेचा शेवटचा आठवडा आला.

रेझीनचा निर्णय

गोव्यात फायबरच्या होड्या करणारे कारागीर पुष्कळ आहेत. ते पॉलिएस्टर रेझीन आणि तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची मॅट वापरतात. एकाने दोन दिवसांत काम करून देतो म्हणून सांगितलं. पण पॉलिएस्टर लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही, आणि मॅट रेझीन फार पिते, म्हणजे वजन वाढतं आणि लाकूड दिसेनासं होतं. आम्ही चौरस मीटरला २०० ग्रॅमचं विणलेलं कापड आणि इपॉक्सी घेतली. हा निर्णय बरोबर होता. चूक झाली ती हार्डनरमध्ये. उष्ण हवेसाठी सावकाश आवळणारा हार्डनर मिळतो, पण तो यायला आठवडा लागणार होता. हातात होता तो साधा. चाचणीला अर्धा किलो एकदम कालवलं तर बारा मिनिटांत डबा हातात धरवेना, आतून धूर यायला लागला आणि प्लास्टिक वितळून खाली बसलं. तेवढ्यावरून आम्ही मात्रा दीडशे ग्रॅमवर आणली आणि पुढे गेलो. खरं तर तिथेच थांबून हार्डनर मागवायचा होता.

मुख्य निर्णय: आता की पावसानंतर

गोव्यात मोसमी पाऊस साधारण ५ जूनच्या सुमारास पोचतो, वळीव त्याच्या आधी पंधरा दिवस. मेच्या त्या शेवटच्या आठवड्यात पडवीत बसून आम्ही तिघांनी तीन वाटा बोललो.

एक, लगेच बाहेरच्या अंगाला कापड चढवायचं. दोन, होडी फर्म्यांवरच ठेवून चादरी घालायच्या आणि ऑक्टोबरपर्यंत हात लावायचा नाही. तीन, पडवीला प्लास्टिकची कनात करून आत बल्ब लावून हवा कोरडी ठेवायची.

मेस्तांचं मत दुसऱ्या वाटेला. "लाकडाला पाऊस बघू दे. फुगेल, बसेल, मग काय ते करा." दादाला पहिली वाट पटली, आणि मी त्याला दुजोरा दिला. आमचा विचार असा की उघडं लाकूड पावसाळाभर ठेवण्यापेक्षा बाहेरून तरी बंद केलेलं बरं. आणखी एक कारण होतं, ते वहीत लिहिलेलं नाही: मावशीने चतुर्थीपर्यंत पडवी मोकळी मागितली होती. गणपतीची खोली पडवीलगत, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान पडवीतच येऊन पडतं, येणारी-जाणारी माणसं तिथेच टेकतात. मावशीची मागणी रास्त होती. पण ती आम्ही हिशेबात धरली लाकडाचं गणित करण्याऐवजी. दुसऱ्या वाटेत होडी फर्म्यांसकट दुसरीकडे हलवायची गरज होती आणि तेवढ्यासाठी शेजारच्या रिकाम्या गोठ्याची चौकशीसुद्धा आम्ही केली नाही.

इपॉक्सीचा दिवस

सकाळी नऊला सुरुवात केली, उजेड चांगला मिळतो म्हणून. पडवी पूर्वेकडची. दहा वाजेपर्यंत ऊन होडीच्या एका अंगावर आलं. कापड भिजून पारदर्शक होत होतं, खालून सीडरचा तांबूस-तपकिरी रंग उजळून येत होता, आणि आम्ही तिघं खुशीत होतो. मग त्या उन्हातल्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसायला लागले. रबरी पट्टीने दाबून काढले की पुन्हा यायचे. लाकूड तापत होतं, त्याच्या रंध्रांतली हवा फुगून वर येत होती आणि घट्ट होत चाललेल्या इपॉक्सीत अडकत होती. म्हणूनच हे काम दिवस उतरताना, तापमान घसरत असताना करायचं असतं. त्या वेळी लाकूड हवा आत ओढतं आणि तिच्यामागून इपॉक्सीही आत जाते.

दुपारी तीनला वळीव आला. पडवीत पाणी आलं नाही, पण हवेचा दमटपणा अंगाला चिकटत होता. संध्याकाळी मी होडीवरून बोट फिरवलं तर बोटामागे मेणचट रेघ उठली. अशा हवेत अमाईन हार्डनर हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावून पृष्ठभागावर हा थर आणतो. तो पाण्यात विरघळतो, साध्या पाण्याने आणि घासणीने निघतो. पण न धुता त्यावर दुसरा हात मारला तर दुसरा हात त्या मेणावर बसतो, खालच्या इपॉक्सीवर बसत नाही.

आम्ही न धुता मारला. दादाने नुसतं कोरडं फडकं फिरवलं होतं आणि मला वाटलं, तेवढं पुरे. तिसऱ्या दिवशी नाळीजवळ, म्हणजे होडीच्या टोकाजवळ, नख लावलं तर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा वरचा थर सुटून आला, तळहाताएवढा.

दुरुस्ती

गरम हवेच्या यंत्राने सगळं उपसून काढायचं का, हा पहिला विचार. तसं केलं तर कापडाबरोबर मऊ सीडरचे धागेही निघतात, पट्ट्यांचा गोंद ढिला होतो. कापड लाकडाला नीट धरून आहे का हे आधी बघायचं ठरलं. मेस्तांनी नाण्याच्या कडेने सगळ्या होडीवर टकटक करत फेरी मारली. भरीव आवाज आला तिथे काही नाही, पोकळ आला तिथे खडूची खूण. अशा फक्त पाच जागा निघाल्या, सगळ्या उन्हाच्या अंगाच्या. म्हणजे पहिला हात आणि कापड शाबूत होतं, बिघडला होता दुसरा हात.

मग तो थर खरवडून काढला, संपूर्ण होडी पाणी आणि हिरव्या घासणीने दोनदा धुतली, सुकवली, घासली. पाच पोकळ जागा कापून ठिगळं बसवली. पुढचा हात संध्याकाळी पाच वाजता दिला. तो काचेसारखा बसला. एका जागी थांबून नाणं वाजवून बघण्यात आमचा एक पूर्ण दिवस गेला, पण त्या दिवसाने होडी वाचवली.

पावसाळ्यात उघडलेली होडी

जुलैमध्ये पडवी मोकळी करण्यासाठी होडी फर्म्यांवरून उतरवली आणि मागच्या खोपीत वाशांना दोऱ्यांनी टांगली. बाहेरून इपॉक्सी, आतून उघडं लाकूड. फर्मे काढून कोपऱ्यात रचले.

चतुर्थी आटोपल्यावर दादा टेप घेऊन गेला. मधली रुंदी ९३ सेंटिमीटर. त्याने तीनदा मोजली, मग मला फोन केला. मी पोचलो तेव्हा तो होडीखाली बसून होता आणि टेप तशीच उघडी होती. आठ महिन्यांचं काम पंख पसरल्यासारखं दिसत होतं. लाकडात खुपसायच्या टाचण्यांच्या मीटरने आत १९ टक्के ओल दाखवली.

कारण सरळ आहे. लाकूड ओल खाऊन धाग्याच्या आडव्या दिशेला फुगतं. कॅनूच्या पट्ट्या लांबीला धावतात, म्हणजे ती आडवी दिशा म्हणजेच होडीचा घेर. आतलं अंग फुगत होतं, बाहेरच्या अंगाला कापडाने बांधून ठेवलं होतं. आतली बाजू लांब, बाहेरची तेवढीच, म्हणून वाटी उघडली. दोन्ही अंगं उघडी असती तर दोन्ही सारखी फुगली असती आणि फर्म्यांनी आकार धरून ठेवला असता. मेस्तांचं मेमधलं म्हणणं हेच होतं, त्यांनी ते शास्त्राच्या शब्दांत सांगितलं नव्हतं इतकंच.

पुन्हा दोन वाटा. काठपट्ट्या आणि आडवे दांडे लावून होडी जबरदस्तीने ८६वर आणायची आणि आतून लगेच बंद करायची. नाहीतर वाळू द्यायची. दादा पहिल्याच्या बाजूने होता, आणि त्याची घाई मला समजत होती. पण १९ टक्के ओलीवर आतून इपॉक्सी दिली असती तर ती ओल दोन कापडांच्या मध्ये कायमची कोंडली गेली असती. इपॉक्सीसाठी लाकूड १२ टक्क्यांच्या खाली असावं. या वेळी मेस्तांचं ऐकलं.

ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. होडी सावलीत, वाऱ्यावर ठेवली. उन्हात ठेवली नाही, कारण झपाट्याने वाळलं तर चिरा पडतात. दर रविवारी रुंदी आणि ओल वहीत. तुळशीच्या लग्नाला ८८ सेंटिमीटर, १३ टक्के. आम्हाला वाटलं ८६ला थांबेल. डिसेंबरच्या मध्याला ती ८५वर आली आणि आतल्या बाजूला तीन सांध्यांत केसाएवढ्या फटी दिसू लागल्या. फुगताना लाकडाला बाहेरच्या कापडाने जागा दिली नव्हती, त्यामुळे त्याचे धागे दबले गेले होते. दबलेलं लाकूड वाळल्यावर पहिल्यापेक्षा आखूड होतं.

फटींत सीडरचाच बारीक भुसा इपॉक्सीत कालवून भरला. फर्म्यांपैकी मधले तीन आत सैल बसवून रुंदी ८६ला धरली. मग संध्याकाळी पाचला, मीटर ११ दाखवत असताना, सावकाश आवळणाऱ्या हार्डनरने आतलं कापड चढवलं. पुढच्या हातांआधी प्रत्येक वेळी पाणी आणि घासणी. एकही ठिपका आला नाही.

निष्पत्ती

काठपट्ट्या सागाच्या, बैठका वेताने विणलेल्या. वर उन्हापासून राखणारं वॉर्निश, कारण उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडून भुसभुशीत होते. वजन ३१ किलो भरलं. जादा चार किलो ठिगळांचे, भरावाचे आणि सागाचे.

फेब्रुवारीत भरतीच्या वेळी, मानशीपासून थोडं लांब, नारळ वाढवून कॅनू पाण्यात सोडली. मेस्त पुढे बसले, दादा मागे, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट. मावशी बांधावर उभी होती. एक बार्ज दूरवरून गेली, तिच्या लाटेवर कॅनू तिरकी झाली आणि आपली आपण सरळ झाली. मेस्तांनी वल्हं आडवं ठेवून हाताने तळ चाचपला, तो कोरडा होता. बाहेरच्या एका अंगावर ते पांढरे ठिपके अजून दिसतात, ऊन पडलं की जास्तच.

पुन्हा केलं तर

कामाचा क्रम पावसाळ्याकडून मागे मोजत यायचं. फर्मे कापणं, फळ्या मागवणं, आराखडा कागदावर पूर्ण आकारात काढणं हे पावसाळ्यात घराच्या आत होऊ शकतं. पट्ट्या कापून चतुर्थीनंतर दोन महिने वाऱ्यावर ठेवायच्या, तुळशीच्या लग्नानंतर चढवायला घ्यायच्या. बाहेरचं कापड जानेवारीत, आणि आतलं त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत. हे दोन हात एकाच कामाचे भाग समजायचे. मध्ये पावसाळा येणार असेल तर पहिलाही देऊ नये.

जुलैमध्ये उतरवणं भागच होतं, असं दादा अजून म्हणतो. माझं मत वेगळं आहे. मे महिन्यात आमच्या हातात एक दिवस मोकळा होता. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या गोठ्याचं बोलून घ्यायचं होतं. नंतर विचारलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले.

आता त्या गोठ्यात फर्मे पुन्हा उभे आहेत. माझ्या मुलीला एकटीसाठी छोटी कॅनू हवी आहे. या वेळी लाकूड शिवणाचं घेतलं आहे. काल सकाळी मीटर १५ टक्के दाखवत होता, म्हणून पट्ट्यांवरची चादर काढून ठेवली आणि रंधा अजून मेस्तांच्या पेटीतच आहे.